जानेवारीत बरी झालेली मुलं: नाशिकच्या डोंगरपट्ट्यातल्या एका पोषण कार्यक्रमाचं प्रकरण

आधीच सांगते, यात गावाचं, संस्थेचं, माणसाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मी तेव्हा या कामात फिल्ड को-ऑर्डिनेटर होते, म्हणजे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच हातून चुकलंय. आकडे लहान आहेत, एका बीटचे (एका सुपरवायझरच्या हाताखालच्या अंगणवाड्यांचे) आहेत, त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा निकाल लावू नका.

पार्श्वभूमी

नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना द्राक्षं, कांदा, गोदाघाट आणि मिसळ एवढंच आठवतं. पेठ रोडने सावळघाट चढून गेलं की वेगळाच जिल्हा लागतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचा हरसूल पट्टा, इगतपुरीतले काही पाडे, कोकणा, महादेव कोळी, वारली वस्ती. पावसाळ्यात असा कोसळतो की चार-चार दिवस पाड्याबाहेर पडता येत नाही आणि मार्चनंतर त्याच पाड्यावरच्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावून बसतात. भात, नागली, वरई, खुरासणी, थोडा उडीद, सगळं एका पावसावर. दिवाळी झाली की वरती काम संपतं आणि खाली दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये सुरू झालेलं असतं, मग मुकादमाचा पिकअप येतो, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) दिलेली असतेच, भांडी, गोधड्या, कोंबडी, पोरं सगळं त्यात भरून बिऱ्हाड निघतं ते होळीला परत, काही तर थेट अखाजीला (अक्षय तृतीयेला).

आमची संस्था छोटी. नाशकात दोन खोल्यांचं ऑफिस, सहा माणसं, एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) तीन वर्षांचा पैसा. एका बीटमधल्या ९ अंगणवाड्या घेतल्या. आपलं वेगळं केंद्र उघडायचं नाही, जे आहे त्यालाच हात द्यायचा, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं आणि तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. कारण या पट्ट्यात योजना नाहीत असं नाहीच. १९७५ पासूनची एकात्मिक बालविकास योजना आहे, आदिवासी भागात २०१५ नंतर अमृत आहार आला, त्यात गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवण, मुलांना अंडी-केळी. संस्था येते, आपला बोर्ड लावते, तीन वर्षांनी बोर्ड काढून जाते आणि सेविका आहे तिथेच असते.

सॅम (अतितीव्र कुपोषण) आणि मॅम (मध्यम तीव्र कुपोषण) हे शब्द पुढे सारखे येतील म्हणून एकदाच सांगते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचं उंचीच्या मानाने वजन खूपच कमी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात उणे ३ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली, किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत, किंवा दोन्ही पायांवर सूज, यातलं एक जरी असलं तरी सॅम. घेर ११.५ ते १२.५ मध्ये असला तर मॅम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात दर १०० मुलांमागे २५-२६ लुकडी आणि त्यातली जवळजवळ ११ अतिलुकडी निघाली होती, तेव्हा आमच्या बीटमध्ये काही जगावेगळं चाललं होतं असं नाही.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सगळ्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या. ३१ मुलं सॅम. गावातच ग्राम बाल विकास केंद्र सुरू केलं, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याच वेळा खायला, पीएचसीकडून (प्राथमिक आरोग्य केंद्राकडून) जंताची गोळी आणि लागेल तिथे अँटिबायोटिक, भुकेची चाचणी, जी मुलं चाचणीत खातच नाहीत त्यांना वर दवाखान्यात पाठवायचं. सेविका मनापासून करत होत्या. जानेवारीच्या रिव्ह्यूत सॅम फक्त ६. मी पीपीटी केली. लाल रंगाचा मोठा खांब, बाजूला छोटासा. कंपनीच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढायला पाड्यावर कधी येऊ ते विचारलं.

अडचण

होळीनंतर, एप्रिलमध्ये परत सगळी वजनं घेतली. सॅम २७.

पहिला विचार काय आला असेल तर वजनकाटा बिघडला. काटा तपासला, ठीक होता. मग यादी घेऊन बसलो, मुलागणिक, आणि तेव्हा लक्षात आलं की जानेवारीचा तो छोटा खांब कशाचा होता. ३१ मधली खरंच बरी झालेली ८. सॅममध्येच राहिलेली ६. आणि राहिलेली १७ बागेत गेलेली, रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं, त्यामुळे महिन्याच्या अहवालात ती ना सॅम ना नॉर्मल, नुसती गायब. ३१ वरून ६ झाले त्यातली अर्ध्याहून जास्त घट ही पिकअपमधून दिंडोरीला गेलेली होती. एप्रिलच्या २७ मध्ये त्या १७ पैकी १२ होती, 'बरी झालेल्या' ८ पैकी ३ परत खाली आलेली, जुन्या ६ पैकी ५, आणि ७ नवीन.

यात कुणी खोटं लिहिलेलं नव्हतं, हे महत्त्वाचं. रकाना होता, तो भरला. एका सेविकाताईने मला चहा देता देता सांगितलं, "मॅडम, आम्हाला तर माहितीच होतं, दरवर्षीचंच आहे, तुम्ही विचारलं नाही." आता ही १५ वर्षं जुनी सेविका, ट्रेनिंग मी तिला देत होते.

दुसरी एक गोष्ट त्याच बैठकीत निघाली. जी ८ बरी झाली त्यातल्या एका मुलीचा हिशोब केला. आली तेव्हा ७ किलो, ३० दिवसांत ४५० ग्रॅम वाढली. सगळ्यांना वाटलं वा, जवळजवळ अर्धा किलो. पण किलोमागे दिवसाला किती हे काढलं तर २.१ ग्रॅम येतात, भरून निघायला साधारण ५ तरी लागतात, म्हणजे त्याच मुलीने महिन्यात किलोभर वाढायला हवं होतं. ती रेषेच्या जेमतेम वर आली होती आणि आम्ही तिला डिस्चार्ज दिला होता, कारण केंद्राचे ३० दिवस संपले होते. शिवाय उंचीचा घोळ. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं असतं, उभं करून मोजलं तर साधारण ०.७ सेंटीमीटरने बुटकं भरतं, आणि बुटकं भरलं की वजन उंचीच्या मानाने बरं दिसतं. दोन अंगणवाड्यांमध्ये सरसकट उभं करून मोजत होते कारण झोपवायची फळी सोसायटीच्या गोदामात पडून होती. थंडीतल्या वजनात स्वेटर आणि चांदीचे वाळे होते, ते वेगळंच.

पहिला निर्णय: सांगायचं का

हा सगळ्यात अवघड होता आणि यात आम्ही तीन आठवडे घालवले. एप्रिलचा खरा आकडा वर गेला तर बीटमध्ये कुपोषण वाढलं असं दिसणार, सुपरवायझर मॅडमला विचारणा होणार, त्या सेविकांना विचारणार. एका सेविकेने स्पष्टच सांगितलं की जिचा अहवाल निरंक तिला कुणी काही विचारत नाही, जी खरं लिहिते तिच्याकडेच गाडी येते. आणि आमचं दुसऱ्या वर्षाचं पैशाचं पत्र मे महिन्यात निघायचं होतं.

तीन वाटा दिसत होत्या. सरकारी अहवाल आहे तसा जाऊ द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. कंपनीला सांगायचं, खात्याला नाही. किंवा दोघांना सांगायचं पण आकडा म्हणून नाही, मुलांची यादी म्हणून. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की आधी पैसे येऊ दे मग सांगू, आणि खरं सांगते, मलाही दोन दिवस तेच पटलं होतं.

शेवटी तिसरी वाट घेतली. ३१ ओळींचा एकच कागद, नावाऐवजी नंबर, पुढे ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, आणि जानेवारीच्या खान्यात १७ ठिकाणी नुसतं 'बागेत'. सुपरवायझर मॅडमना आधी दाखवला, त्यांच्या घरी, ऑफिसात नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की हाच कागद तुमच्या लेटरहेडवर द्या, सेविकांच्या सहीने नको. तेवढ्याने सेविकांची मान सुटली. कंपनीच्या साहेबांचा चेहरा पडला, पण ते माणूस बरे होते, त्यांनी एकच विचारलं, मग हे बागेत नेमकं खातात काय? आम्हाला उत्तर देता आलं नाही, कारण आमच्यापैकी कुणीही बागेत गेलेलंच नव्हतं.

बागेत काय दिसलं

मे महिन्यात बिऱ्हाडं वरती परतलेली असतात म्हणून आम्ही आधी वरतीच घरोघर बसून विचारलं आणि पुढे ऑक्टोबर छाटणीला खाली जाऊन बघितलं. बागेच्या कडेला ताडपत्रीची झोपडी किंवा पत्र्याचं शेड. आई सकाळी सातला ओळीत उभी, छाटणी, मग फुटवे काढणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, काम बहुतेक उक्तं, एकराच्या हिशोबाने, जितकं उरकेल तितका पैसा, त्यामुळे मधेच येऊन पोराला भरवणं म्हणजे टोळीचं नुकसान. दीड वर्षाचं मूल आठ वर्षांच्या बहिणीकडे. सकाळी चहात टोस्ट, मधे पाच रुपयाची कुरकुऱ्याची पुडी, दुपारी आईबरोबर भाकरी-मिरची किंवा भात, आणि संध्याकाळी ते पेंगून जातं. औषध फवारणीचा ट्रॅक्टर शेजारून जातोय आणि पोरं तिथेच. त्या आठ वर्षांच्या पोरीने खरं तर शाळेत असायला हवं होतं. तिच्यासाठी आम्ही काही केलं नाही, तिच्याकडून काम मात्र करून घेतलं, ते पुढे येईलच.

कुठले पर्याय तोलले

वरती केंद्राचे दिवस वाढवायचे हा पहिला पर्याय. सोपा, खर्च माहितीतला, आणि सरकारी चौकटीत बसणारा. पण मूलच तिथे नसेल तर ९० दिवस काय आणि ३० काय. तमिळनाडूत १९८० पासून जो पोषण प्रकल्प चालला त्याची गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतात, ज्याची वाढ अडखळली त्यालाच निवडून जादा खाऊ, वाढ सुरू झाली की बंद, आणि महिन्याच्या महिन्याला वजन. त्यातलं महिन्याच्या महिन्याला हे आमच्याकडे वर्षातले चार-पाच महिने जमतच नव्हतं.

दुसरा पर्याय, मुलांना वरती आजीकडे ठेवायचं. गावात पाळणाघर करू, आजीला थोडे पैसे देऊ. ऐकायला छान. पण जी मुलं अंगावर पितात त्यांना आईपासून सोडवायचं? आणि ज्या घरात आजी होती ती स्वतःच बागेत जात होती, चाळिशीची आजी ती. तरी आजीचा मुद्दा सोडला नाही, कारण बांगलादेशात १९९५ ला सुरू झालेल्या मोठ्या पोषण प्रकल्पाच्या मूल्यमापनात नेमकं हेच निघालं होतं की सगळं शिकवणं आईला केलं आणि घरात काय आणायचं, कुणाला किती वाढायचं हे सासू आणि नवरा ठरवत होते. आम्ही पण पहिल्या वर्षी फक्त आयांनाच बोलावलं होतं.

तिसरा, खालच्या अंगणवाडीत नाव घालायचं. नियमाने स्थलांतरित मुलाला तिथे आहार मिळायलाच पाहिजे, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये तशी सोय पण आहे. एक-दोन ठिकाणी विचारून बघितलं. एक सेविका म्हणाली आणा, चार पोरं जास्त झाली तर मी वरणात पाणी घालीन. दुसरी म्हणाली माझ्याकडे माल पटाप्रमाणे येतो, मी कुणाच्या तोंडचं काढू? दोघींचं बरोबर होतं. पण अडचण अंतराचीच जास्त, बाग ते अंगणवाडी दोन-तीन किलोमीटर, कोण सोडणार, कोण आणणार.

चौथा, बागायतदारावर दबाव. द्राक्ष युरोपात जातं, त्यासाठी शेताला ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं, सर्टिफिकेट लागतं, मजुरांची राहायची-पाण्याची सोय हा त्या जगातला नाजूक विषय आहे, निर्यातदाराकडून एक फोन गेला तर शेडमध्ये काही तरी सुधारेल असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. आम्ही ते केलं नाही. भीती ही की मालक पोरं असलेली बिऱ्हाडंच घेणं बंद करेल आणि उचल अंगावर असलेली माणसं आणखी लांब जातील. हे कारण खरं होतं. पण आम्हाला बागेत पाय ठेवायला त्याच मालकांची परवानगी लागत होती हेही तितकंच खरं होतं, आणि निर्णयात कुठल्याचं वजन जास्त पडलं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पाचवा पर्याय आमचा नव्हताच. वरच्या घरभेटीत एक बाई सापडली जिचं पोर बागेतून परत आलं ते चक्क भरून आलं होतं. तीच टोळी, तीच उचल, तेच शेड. तिला विचारलं काय करतेस वेगळं? ती म्हणाली काही नाही. असं चार वेळा झालं. मग तिची सासूच म्हणाली, "ती तीन डबे भरती ना." तर ती काय करायची, पहाटे तीन छोटे स्टीलचे डबे भरायची, तिन्हीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची आणि मोठ्या पोरीला सांगून ठेवायची, बाग मालकाचा सकाळचा चहा आला की लाल सोड, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पांढरा, चारच्या चहाला हिरवा. पोरीला घड्याळ कळत नव्हतं, चहाची किटली कळत होती. डब्यात नागलीची भाकर गुळात आणि तेलात कुस्करलेली, कधी उकडलेलं अंडं, कधी उडदाच्या वरणात कालवलेला भात. व्हिएतनाममध्ये १९९०-९१ च्या सुमारास गरीब घरांमधली धडधाकट मुलं शोधून त्यांच्या आया काय करतात हे बघितलं होतं, तिथे शेतातली कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला निघाला होता. आमच्याकडे चिंध्या निघाल्या.

काय केलं

दुसऱ्या वर्षी कामाचं कॅलेंडरच फिरवलं. दसरा ते दिवाळी हा सगळ्यात गर्दीचा काळ धरला. प्रत्येक मुलाचं निघण्याआधी पंधरा दिवसांच्या आत वजन, उंची (फळी गोदामातून आणली), दंडघेर, आणि एक जाड पिवळं कार्ड आईकडे. मुकादमाचा फोन नंबर सेविकेच्या वहीत. प्रत्येक आईला किंवा आजीला दंडाचा घेर मोजायची रंगीत टेप, हिरवा-पिवळा-लाल, दर आठवडी बाजाराच्या दिवशी लावायची, लाल आला की मिस्ड कॉल. आयांना टेप जमते का यावर आमच्याकडेच बरीच चर्चा झाली. नायजरमध्ये आयांनी घेतलेला घेर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोडीस तोड निघाल्याचं वाचलं होतं म्हणून धीर केला, आणि खरंच, दोन वेळा शिकवलं की जमतं.

खाण्याचं गणित डब्यावर बसवलं. ७ किलोच्या मुलाचं पोट एका वेळी साधारण २०० मिलीच्या आसपासच धरतं, पातळ पेज कितीही पाजली तरी त्यात उष्मांक मावतच नाहीत, म्हणून घट्ट आणि तेलाचं. चमचाभर तेल म्हणजे ४५ किलोकॅलरी. हे मी फळ्यावर लिहून शिकवत होते तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, चमचा तिरपा केल्यावर जे खाली पडत नाही ते दे, असं सांग की. तेव्हापासून तसंच सांगितलं.

आणि सगळ्यात मोठा खर्च, बागेतली ताई. बाहेरून माणूस न पाठवता त्याच टोळीतली एक बाई घ्यायची, ती नाही तरी तिथे जाणारच आहे, तिने पोरं सांभाळायची, डबे वेळेवर सुटतात का बघायचं, टेप लावायची, फोन करायचा. मजुरी बागेइतकीच, रुपयाही कमी नाही. कंपनीला हे पटवताना दमछाक झाली, त्यांच्या तक्त्यात मानधनाचा रकाना होता, मजुरीचा नव्हता. मुकादमाचंही गणित होतं, टोळीत एक हात कमी झाला की त्याचं कमिशन कमी. त्याच्याशी बसलो, त्याला पटलं ते असं की पोर आजारी पडलं की आईचे कामाचे दोन-तीन दिवस जातात, ते वाचतील.

पाच बागांवर सुरू केलं. एका ठिकाणी मालकाने दुसऱ्याच दिवशी हाकललं, पोरं एकत्र बसलेली बघून त्याला वाटलं बालमजुरीवाले आले. दुसऱ्या ठिकाणी ताईच विरळणीत परत कामाला लागली, कारण तेव्हा उक्त्याचा दर असा चढला की आमची रोजची मजुरी तिला परवडेना, आणि मी तिला दोष देत नाही. तीन चालल्या.

पाड्यावर बचतगटाने नागली-शेंगदाणा-गुळाचं सुकं पीठ करून दिलं होतं, महिन्याचं एकदम. तीन आठवड्यांत शेंगदाण्याचा खवट वास, पोरं तोंड फिरवायला लागली, दोन डबे कोंबड्यांनी खाल्ले. नंतर दाणे वेगळे दिले, तिथेच कुटायचे. अंडी मात्र पहिल्या दिवसापासून चालली, बागेजवळच्या किराणावाल्याकडे खातं उघडलं.

लाल टेप

जानेवारीच्या एका शुक्रवारी एका आईचा फोन आला की टेप लाल दाखवतेय आणि पोराला संडास लागलीये. फोन आमच्या कार्यकर्त्याने घेतला. सोमवारी टीम त्याच बाजूला जाणार होती, त्याने सांगितलं सोमवारी बघू, तोवर ओआरएस पाजत राहा. पोर रविवारी पहाटे गेलं. १४ महिन्यांचं होतं.

कार्यकर्त्याने नियमाप्रमाणेच केलं होतं, नियम मी लिहिला होता. त्यात लाल टेप म्हणजे 'तपासणीसाठी आणणे' असं होतं, कधी ते लिहिलेलं नव्हतं. इतक्या बारीक मुलाला जुलाब ही तासांची गोष्ट असते, त्याला दवाखान्याशिवाय पर्याय नसतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या आठवड्यात नियम बदलला. लाल आणि सोबत जुलाब, ताप, सूज किंवा खाणं सोडलेलं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी गाडी, पैसे ताईकडे आधीच ठेवलेले, कुणाला विचारायचं नाही. गाडीभाड्यासाठी ठेवलेले ते पैसे पुढे सात वेळा लागले. आम्ही त्या घरी गेलो होतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

काय झालं

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये २८ सॅम होती, त्यातली १९ बागेत गेली. त्या १९ पैकी १३ जणांची बागेत असताना निदान तीन वेळा तरी मापं मिळाली, बाकीच्यांची टोळी फिरत राहिली नाही तर मालकाने येऊ दिलं नाही. एप्रिलमध्ये १९ पैकी ७ सॅम, ११ सॅमच्या बाहेर (त्यातली ६ अजून मॅम), आणि एक दगावलेलं. आदल्या वर्षी १७ पैकी १२ होती हे धरलं तर बरं आहे. पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, भात बरा आला होता, त्यामुळे सगळं श्रेय डब्यांना देता येत नाही. ताई असलेल्या तीन बागांवरची मुलं जास्त सुधारली, हे खरं, पण त्या बागांचे मालकही मुळात बरे होते म्हणून तर ताई टिकली.

रजिस्टरमधला 'स्थलांतरित' रकाना आहे तसाच आहे. सुपरवायझर मॅडमनी त्यांच्या पातळीवर एक केलं, मासिक बैठकीत सेविकांनी पिवळ्या कार्डांची थप्पी वेगळी आणायची आणि त्यातल्या प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य बोलायचं. लिहायचं नाही, बोलायचं. त्यांची बदली झाल्यावर ते थांबलं, आणि मग एका सेविकेने स्वतःहून परत सुरू केलं.

परत करायचं झालं तर

पहिल्याच वर्षी पैसे मागायच्या आधी एक हंगाम बागेत जाऊन बसेन. आम्ही प्रस्ताव जूनमध्ये लिहिला, पावसात, तेव्हा सगळी बिऱ्हाडं वरती असतात आणि पाडा भरलेला दिसतो.

डिस्चार्ज दिवसांवर देणार नाही. घेर १२.५ च्या वर किंवा वजन-उंची उणे २ एसडीच्या वर, आणि तेही दोनदा मोजून. केंद्र संपलं तरी मूल संपत नाही एवढं तरी कार्डावर दिसलं पाहिजे.

बागेतल्या ताईची मजुरी विरळणीच्या दीड महिन्यात उक्त्याच्या दराने धरेन, एका बागेचं काम त्या फरकाच्या पैशावर गेलं, आणि तो फरक आमच्या छापलेल्या बॅनरच्या खर्चाहून कमी होता.

निर्यातदारांशी बोलायचं की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत आता बोलावं असं झालंय, पण एकट्या संस्थेने नाही, दोन-चार मालक सोबत घेऊन, ज्यांच्याकडे ताई टिकली ते.

आणि ती मोठी बहीण. डब्याची सगळी गोष्ट तिच्या खांद्यावर उभी होती आणि आमच्या एकाही तक्त्यात तिचं वय, वजन, शाळा काही नव्हतं. तिसऱ्या वर्षी रकाना घातला. त्यात पहिल्यांदा ज्या पोरीचं नाव भरलं तिला विचारलं कितवीला आहेस, तर म्हणाली, "वरती असते तेव्हा तिसरीला."